सुतानुटीचे सूत

कलकत्त्याच्या उत्तर टोकाला, हुगळीच्या काठाशी बागबाजार नावाची जुनी वस्ती आहे. अरुंद गल्ल्या, बिडाच्या नक्षीचे सज्जे, घरांबाहेरचे बसायचे ओटे आणि त्या ओट्यांवर न संपणाऱ्या गप्पा, असा तिचा बाज. गिरीशचंद्र घोषांचे नाटक, भगिनी निवेदितांनी १८९८ साली बोसपाड्यात सुरू केलेली मुलींची शाळा, नवीनचंद्र दासांचा रसगुल्ला ही या वस्तीची भूषणे. पण इथे येणाऱ्या मराठी माणसाचे पाऊल थबकते ते एका गल्लीच्या नावापाशी. गल्लीचे नाव ‘मराठा डिच लेन’. परमुलखात आपले नाव वाचून त्याला आधी बरे वाटते. मग ‘डिच’ या शब्दाचा अर्थ ध्यानात येतो आणि हे नाव भीतीने खणलेल्या एका खंदकाचे आहे, हे उमगते.

१७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे कारभारी भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन बंगालात उतरले. नबाब अलिवर्दीखानाकडून चौथ वसूल करायची, हा हेतू. पुढची नऊ-दहा वर्षे ही फौज जवळजवळ दर साल येत राहिली. खुद्द भास्करराम १७४४ साली मानकऱ्याच्या छावणीत, वाटाघाटींच्या निमित्ताने बोलावून मारले गेले. पण स्वाऱ्या थांबल्या नाहीत. १७५१ साली बारा लाख रुपये चौथाईचा करार झाला आणि ओरिसा हातचा गेला, तेव्हा कोठे बंगालला उसंत मिळाली. पहिल्याच स्वारीच्या धास्तीने कलकत्त्याच्या रहिवाशांनी कंपनीकडे परवानगी मागून शहराभोवती खंदक खणायला घेतला. बागबाजारापासून सुरुवात झाली. सहा महिन्यांत सुमारे तीन मैल खोदकाम झाले. आराखडा सात मैलांचा होता. मराठे कलकत्त्यावर आलेच नाहीत. खंदक अर्धामुर्धाच राहिला. १७९९ साली त्याचा मोठा भाग बुजवून त्यावर सर्क्युलर रोड बांधला गेला. खंदक गेला, तरी नाव मात्र गल्लीला चिकटून राहिले.

बंगालीत त्या स्वारांना ‘बर्गी’ म्हणतात. शब्द आपलाच आहे. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे तो बारगीर, आणि ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार. म्हणजे बारगीर हा फौजेतला सर्वांत गरीब स्वार. घरी जिरायत जमिनीचा तुकडा, पावसाचा भरवसा नाही, म्हणून दसऱ्याला मोहिमेवर निघणारा. बंगालच्या पाळण्यातल्या गाण्यात मात्र हाच बारगीर मुलाला भीती दाखवण्यापुरता उरला. गंगाराम नावाच्या कवीच्या ‘महाराष्ट्र पुराण’ या १७५१ सालच्या बंगाली काव्यात गावे सोडून पळणाऱ्या माणसांचे वर्णन आहे. कोणत्या जातीचा माणूस आपल्या धंद्याचे कोणते अवजार घेऊन पळाला, हे कवीने नावनिशीवार सांगितले आहे. मराठी शाळांच्या पुस्तकात ‘बंगालवरील स्वारी’ हे दोन ओळींचे प्रकरण असते. त्या दोन ओळींची दुसरी बाजू वाचायची असेल, तर ती बंगालीतच वाचावी लागते.

बागबाजार ज्या जुन्या गावाचा भाग होता, त्याचे नाव सुतानुटी. गोविंदपूर, कलिकाता आणि सुतानुटी या तीन गावांतून पुढे कलकत्ता शहर उभे राहिले. ‘सुता’ म्हणजे सूत आणि ‘नुटी’ म्हणजे सुताची लड, असा या नावाचा अर्थ लावतात. इथे सुताचा आणि कापडाचा बाजार भरे. सरस्वती नदी गाळाने भरू लागली आणि सप्तग्राम बंदर ओस पडू लागले, तेव्हा तिथले शेठ आणि बसाक हे कापडव्यापारी इकडे येऊन वसले. २४ ऑगस्ट १६९० रोजी जॉब चार्नॉक याच सुतानुटीला उतरला, तोही कापडाच्याच ओढीने. नदी, घाट आणि सूत या तीन गोष्टींवर हे गाव उभे होते. तोफा, किल्ले आणि लाटसाहेब मागाहून आले.

तेव्हा बर्ग्यांच्या स्वाऱ्यांत सर्वांत आधी तुटले असेल, तर ते सूत. नदीच्या पश्चिमेकडच्या गावांतले विणकर आणि रेशीम काढणारे माग टाकून पळाले. कोणी नदीपलीकडे गेले, कोणी कंपनीच्या आश्रयाला कलकत्त्यात आले. मराठी फौजेच्या हिशेबात चौथाईची रक्कम नोंदलेली असते. मागावर अर्धवट राहिलेल्या ताग्यांची नोंद मात्र कोणत्याच रुमालात नसते.

या सुताचे दुसरे टोक पॅरिसमध्ये सापडते. १७८३ साली लुव्ह्र राजवाड्यात फ्रेंच चित्रकला अकादमीचे प्रदर्शन भरले होते. त्याला ‘सालाँ’ म्हणत. त्याच वर्षी मे महिन्यात अकादमीची सदस्य झालेली अठ्ठावीस वर्षांची चित्रकर्ती एलिझाबेत विजे ल ब्रँ हिने तिथे फ्रान्सच्या राणीचे एक तैलचित्र मांडले. राणी मारी आंत्वानेत ही सोळाव्या लुईची पत्नी, ऑस्ट्रियाची राजकन्या. चित्रकर्ती आणि राणी, दोघींचाही जन्म १७५५ सालचा. चित्र मोठे नाही. जेमतेम तीन फूट उंच. राणी उभी आहे, डोक्यावर पिसे खोवलेली गवती टोपी आहे, हातात गुलाब आहे. अंगावर पांढऱ्या मलमलीचा सैलसर झगा आहे आणि कमरेला सोनेरी झाक असलेला तलम पट्टा. मुकुट नाही, हिरे नाहीत, राजवस्त्राचा भरजरी घोळ नाही.

रोकोको शैलीच्या उतरत्या काळातले हे चित्र. या शैलीने दोन पिढ्या फ्रान्सच्या दिवाणखान्यांत गुलाबी ढग, गुबगुबीत देवदूत आणि रेशमाच्या चुण्या यांचा खच पाडला होता. राजाचे चित्र म्हणजे तर वस्त्रांचेच चित्र असे. चेहरा कसाही असो. मखमल, जर आणि दागिने यांनीच राजेपण सिद्ध व्हायचे. विजे ल ब्रँने रोकोकोची कोवळीक ठेवली, गालावरची लाली ठेवली, गुलाबही ठेवला. पण जडजवाहीर बाजूला सारले. त्याआधी ती नेदरलँड्सकडे गेली असताना रूबेन्सचे एक चित्र पाहून तिने रंगाचे पातळ थर एकावर एक चढवून आतून उजेड फाकवण्याची रीत उचलली होती. मलमल रंगवायला तीच रीत हवी. सफेता जाड लावला, तर मलमलीचा चुना होतो. पातळ लावला, तर खालची त्वचा दिसत राहते. कॅनव्हास स्वतः विणलेलेच कापड. तेव्हा हे एका परीने सुतावर रंगवलेले सूतच.

चित्र मांडताच गहजब झाला. राणी अंतर्वस्त्रावर प्रजेसमोर उभी राहिली, असे लोक म्हणू लागले. त्या झग्याची बेतणी ‘शेमीझ’ या आतल्या वस्त्रासारखी होती खरी. राणी व्हर्सायच्या बागेतल्या आपल्या छोट्या वाड्यात, त्रियानाँला, उन्हाळ्यात असे कपडे घालीत असे. पण खासगीत घालायचे वस्त्र आणि प्रजेपुढे मांडायची प्रतिमा यांतले अंतर तिने ओलांडले होते. दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी होता. लियाँ शहरातले हजारो विणकर रेशमावर जगत. राणीने रेशीम टाकून परदेशी सुती कापड पत्करले, तर दरबार तिच्यामागे जाईल आणि दरबारामागे देश जाईल. राणी मूळची ऑस्ट्रियाची, तेव्हा तिला फ्रान्सचा धंदा बुडाला तरी काय त्याचे, अशी कुजबुज झाली. चित्र उतरवावे लागले. विजे ल ब्रँने घाईने दुसरे चित्र केले. तीच राणी, तोच गुलाब, पण अंगावर निळसर राखी रेशीम आणि गळ्यात मोत्यांच्या माळा. ते चित्र सभ्य ठरले.

हे परदेशी सुती कापड कोठले? युरोपात त्या काळी जी उंची मलमल जाई, ती हिंदुस्थानातून, आणि तिच्यातली सर्वांत तलम बंगालमधून. बागबाजारच्या घाटावरून त्याच नदीने वर गेले की वीस मैलांवर चंद्रनगर लागते. ती फ्रेंचांची वखार. डुप्लेने तिथे गव्हर्नर म्हणून दहा वर्षे काढली होती. ढाक्याकडची मलमल, शांतिपूरचे कापड, कासिमबाजारचे रेशीम यांच्या गाठोड्यांसाठी इंग्रज, फ्रेंच आणि डच असे सारे या एकाच नदीच्या काठावर वखारी थाटून एकमेकांकडे डोळे वटारून बसलेले असत.

ही मलमल कशी होई, ते पुढे ढाक्याच्या जेम्स टेलर या इंग्रज डॉक्टरने एकोणिसाव्या शतकात बारकाईने लिहून ठेवले. कापूस सरकीसकट असतानाच बोआली माशाच्या जबड्याने विंचरीत. त्या दातांच्या ओळीइतकी बारीक फणी दुसरी नसे. टकळी म्हणजे सुईसारखी लोखंडी काडी, खाली मातीची गोळी, आणि टेकू म्हणून शिंपल्याचा तुकडा. सूत कातायचे ते पहाटे दव असताना नाहीतर दुपार कलल्यावर. उन्हात धागा तुटे. आणि कातायच्या तरण्या बायका, कारण तिशीनंतर तो धागा डोळ्यांना दिसेनासा होई. मलमलीच्या जातींना नावे होती आब-ए-रवाँ, म्हणजे वाहते पाणी, आणि शबनम, म्हणजे दव. ज्यांचे डोळे त्या दवापायी तिशीत निकामी होत, त्यांतल्या एकीचेही नाव कोणी लिहून ठेवले नाही.

इथे मराठी वाचकाला एक गोष्ट आठवावी. पॅरिसमधल्या त्या गोंधळानंतर नऊ वर्षांनी, १७९२ साली, जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने पुण्यात सवाई माधवराव पेशव्यांचे आणि नाना फडणिसांचे तैलचित्र केले. त्या दरबाराला पांढरे तलम सुती वस्त्र म्हणजे संकोचाची बाब नव्हती. तीच तिथली प्रतिष्ठा होती. पुण्याच्या गादीवर जे वस्त्र अदबीचे, तेच व्हर्सायच्या राणीच्या अंगावर बेअदबीचे ठरले. कापड मुळात निष्पाप असते. त्याला अब्रू आणि बेअब्रू चिकटवतात ती पाहणारी माणसे.

चिकटलेली बेअब्रू राणीला सोडून गेली नाही. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १७८४ मध्ये, काही ठगांनी एका बाईला तसाच पांढरा मलमली झगा चढवून रात्रीच्या अंधारात व्हर्सायच्या बागेत उभे केले. कार्डिनल रोआँ तिला राणी समजला आणि हिऱ्यांच्या हाराच्या प्रसिद्ध अफरातफरीत अडकला. राणीचा त्यात काडीचाही हात नव्हता. तरी नाव तिचेच बद्द झाले. चित्राने लोकांना राणीची ओळख पटवायची असते. इथे चित्रातला झगाच ओळख होऊन बसला, आणि तो झगा कोणालाही घालता येत होता. १७८७ साली विजे ल ब्रँने राणीला लाल मखमलीत, मुलांच्या मध्ये, रिकाम्या पाळण्याशेजारी रंगवून आई म्हणून प्रजेसमोर आणले. उशीर झाला होता. दोन वर्षांनी क्रांती झाली. चित्रकर्ती ऑक्टोबर १७८९ मध्ये रात्रीच्या अंधारात पॅरिस सोडून पळाली. राणीला पळता आले नाही. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी तिला वधस्तंभाकडे नेले, तेव्हा तिच्या अंगावर पांढरेच वस्त्र होते. नवऱ्यामागे ती काळी वस्त्रे नेसत आली होती. त्या दिवशी ती नेसण्याची तिला मनाई होती.

राणीच्या या शोकांतिकेवर पुस्तकांचे ढीग झाले. तिचे मूळ चित्र आज जर्मनीत हेसच्या जुन्या राजघराण्याच्या संग्रहात आहे, त्याची एक नक्कल वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. पण चित्रातल्या कापडाचीही एक शोकांतिका त्याच वर्षांत बंगालात चालू होती. १७५३ पासून कंपनीने दादनी व्यापाऱ्यांना बाजूला सारून आपले गुमास्ते थेट विणकरांच्या दारात बसवले. १७५७ नंतर गुमास्त्याच्या मागे पलटण उभी राहिली. विणकराने कोणासाठी, काय दराने विणायचे, हे तोच ठरवू लागला. १७७० च्या दुष्काळात माणसे इतकी मेली की, वॉरन हेस्टिंग्जने स्वतः बंगालच्या लोकसंख्येचा निदान तिसरा हिस्सा गेल्याचे विलायतेला कळवले. विल्यम बोल्ट्स या कंपनीतून हाकलल्या गेलेल्या व्यापाऱ्याने १७७२ साली लिहून ठेवले आहे की, रेशमाचा धागा गुंडाळणाऱ्या कारागिरांनी सक्तीच्या कामातून सुटण्यासाठी स्वतःचे अंगठे तोडून घेतले. पुढे लोकांच्या तोंडी ही कथा बदलली. कंपनीने विणकरांचे अंगठे छाटले, असे लोक सांगू लागले. मूळ हकिकत अधिक भयंकर आहे. दुसऱ्याने अंगठा तोडला, तर माणूस निदान त्याला शाप देऊ शकतो.

बर्ग्यांच्या घोड्यांनी जे विस्कटले, ते कंपनीच्या वहीने पुरते संपवले. दोहोंत फरक आहे, आणि तो मान्य केलाच पाहिजे. घोडा येतो आणि जातो. वही कायमची बसते. तरीही घोड्याचा भाग घोड्याच्या नावावर मांडलाच पाहिजे. कंपनीच्या आश्रयाला जे लोक धावले, ते का धावले, या प्रश्नाच्या उत्तरात मराठी टापांचा आवाज आहे. मराठी माणसाने प्लासीवर हळहळावे. पण बागबाजारच्या त्या गल्लीचे नाव विसरून हळहळू नये.

सुदैवाने या कथेत दुसराही एक मराठी माणूस आहे. सखाराम गणेश देउस्कर. जन्म १८६९, देवघरजवळच्या करौं गावी. घराणे मराठी, लेखणी बंगाली. कलकत्त्यात ‘हितवादी’ पत्रात काम करता करता त्यांनी १९०४ साली ‘देशेर कथा’ हे पुस्तक लिहिले. देशी उद्योगधंदे कसे बुडाले, शेतकरी आणि कारागीर कसे नागवले गेले, हे त्यांनी आकडे देऊन दाखवले. पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. शिवाजी उत्सव बंगालात रुजवला तोही त्यांनीच. त्यांच्या ‘शिवाजीर दीक्षा’ या पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी ‘शिवाजी उत्सव’ ही कविता लिहिली. ज्या प्रांतात मराठ्यांच्या नावाने लेकरे निजवीत, तिथे एका मराठी माणसाने विणकरांची बाजू बंगाली भाषेत मांडली. याला कोणी प्रायश्चित्त म्हणणार नाही. देउस्करांनीही म्हटले नसते. पण हिशेबाच्या वहीत जमेच्या बाजूला एक ओळ पडली, एवढे म्हणता येते.

‘देशेर कथा’ निघाल्याच्या दुसऱ्याच वर्षी बंगालची फाळणी झाली. तारीख १६ ऑक्टोबर १९०५. मारी आंत्वानेतच्या मृत्यूचीच तिथी. अर्थात हा नुसता योगायोग, आणि त्यातून काही सिद्ध होत नाही. त्या दिवशी कलकत्त्यात चुली पेटल्या नाहीत. सकाळी लोकांनी गंगेत स्नान केले आणि हिंदू-मुसलमानांनी एकमेकांच्या मनगटांवर राख्या बांधल्या. दुपारी सर्क्युलर रोडला, म्हणजे बुजवलेल्या मराठा खंदकाच्या रस्त्याला, फेडरेशन हॉलची कोनशिला बसली. आनंदमोहन बसू आजारी होते; त्यांना खुर्चीतून उचलून आणले. तिथून जनसमुदाय बागबाजारला पशुपतिनाथ बसूंच्या वाड्याकडे निघाला. नीलमणी मित्रांनी बांधलेला तो खांबांचा मोठा वाडा. त्याच्या अंगणात राष्ट्रीय निधीसाठी पैसे गोळा झाले. निधीचा उद्देश काय, तर देशी विणकामाला आधार. देणारे बहुतेक मध्यम स्थितीतले. रकमा लहान, हात पुष्कळ. त्याच महिन्यात पुण्यात विलायती कपड्यांची होळी पेटली होती.

ज्या सुतानुटीत सुताच्या लडी विकायला येत, तिथेच मागाला पुन्हा सूत मिळावे म्हणून मनगटावर धागा बांधलेली माणसे जमली. आनंदाची गोष्ट खरी. पण तिचा फार गौरवही करू नये. त्या वेळेपर्यंत ढाक्याची ती जुनी मलमल विणणारे हात राहिले नव्हते, आणि तिचा कापूसही शेतांतून गेला होता. राखीचा धागा आणि आब-ए-रवाँचा धागा यांत दीडशे वर्षांची उपासमार होती.

जगातल्या चित्रसंग्रहांत राजे-राण्यांची तैलचित्रे पुष्कळ आहेत. बहुतेकांपुढून पाहणारा पटकन निघून जातो, कारण चेहऱ्यावर राजेपणापलीकडे काही नसते. पांढऱ्या मलमलीतल्या या राणीपुढे मात्र तो थांबतो. तिला साधे दिसायचे होते, आणि ते तिला महाग पडले. पण तो साधेपणा किती हातांनी किती पहाटे जागून घडवला होता, हे तिला ठाऊक नव्हते, चित्रकर्तीलाही नव्हते. विजे ल ब्रँने अत्यंत प्रामाणिकपणे जे दिसले ते रंगवले. चेहरा एकीचा आला, कापड मात्र अनेकींचे आले. त्या अनेकींपैकी कोणाचे चित्र कुठल्याही संग्रहात नाही. जे आहे ते एवढेच: राणीच्या खांद्यावर सफेत्याचा एक पातळ थर, त्यातून दिसणारा त्वचेचा उजेड, आणि हुगळीकाठी सुताच्या नावाने ओळखले जाणारे एक जुने गाव.